इंग्रजीचा सराव कुठून सुरू करायचा? आपल्याच चुकांच्या वहीतून

काळांचा तक्ता तोंडपाठ असलेली माणसं मी कितीतरी पाहिली आहेत. बारा काळ, प्रत्येकाचं सूत्र, सगळं खडाखडा येतं. आणि फोनवर बोलायची वेळ आली की तोंडून निघतं, ‘ही डोन्ट नो’. तिथे ‘डझन्ट’ हवं होतं हे त्यांना वाक्य संपायच्या आतच कळतं आणि चेहरा पडतो. नियम डोक्यात आहे, जिभेच्या अंगवळणी पडलेला नाही, एवढंच झालेलं असतं. अशा वेळी माणूस काय करतो, तर आणखी एक व्याकरणाचं पुस्तक विकत घेतो.

मी बरीच वर्षं भाषांतराचं काम करतो आणि अधूनमधून मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. माझा अनुभव असा, की आपल्या चुका वाटेल तशा होत नाहीत. त्या ठरलेल्या जागी होतात, आणि त्या जागा बहुतेक वेळा मराठी ठरवते. डोक्यात मराठी वाक्य तयार होतं, शब्द इंग्रजी होतात, सांगाडा मात्र मराठीच राहतो. तो सांगाडा ओळखता आला की सराव नेमका कशाचा करायचा हे आपोआप कळतं.

पायरी १ : आधी चुका हाताशी हव्यात

एक साधी वही घ्या. काल दिवसभरात काय झालं ते इंग्रजीत दहा-पंधरा ओळींत लिहा. शब्दकोश बघायचा नाही, मोबाईलला विचारायचं नाही, खाडाखोड करायची नाही. शब्द अडला तर तिथे मराठी शब्द लिहून पुढे जा. उजवीकडे रुंद समास सोडा. लिहून झालं की वही बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. त्याच दिवशी तपासायला बसलात तर डोळे जे लिहायचं होतं ते वाचतात, जे लिहिलंय ते वाचत नाहीत.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बघा. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदांखाली रेघ, दुसऱ्या फेरीत फक्त नामं आणि त्यांच्या आधीचं ‘अ’ किंवा ‘द’, तिसऱ्या फेरीत ‘इन’, ‘ऑन’, ‘टू’सारखे छोटे शब्द.

नमुन्यादाखल हा उतारा घ्या. मीच तयार केला आहे, पण यातली प्रत्येक चूक मी खऱ्या वह्यांमध्ये अनेकदा पाहिली आहे:

‘यस्टरडे आय वेंट टू बँक. देअर वॉज सो मेनी पीपल. आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स. क्लार्क सेड मी टू कम बॅक. आय डिडन्ट गॉट एनी इन्फर्मेशन्स.’

पाच वाक्यं, आणि एकही धड नाही. तरी अर्थ पूर्ण पोचतो, हेही लक्षात घ्या. म्हणूनच समोरचा माणूस सहसा चूक काढत नाही आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. पुढच्या पायऱ्यांमध्ये या पाच वाक्यांकडे आपण परत परत येणार आहोत.

पायरी २ : ‘आहे’चं घर आणि ‘डू’चं घर

इंग्रजी वाक्यांची दोन घरं आहेत असं समजा. एका घरात ‘ॲम, इज, आर, वॉज, वर’ राहतात, दुसऱ्यात ‘डू, डझ, डिड’. साध्या वाक्यात ही दोन्ही मंडळी एकत्र नांदत नाहीत. ‘आय ॲम टायर्ड’ पहिल्या घरातलं, ‘आय अग्री’ दुसऱ्या घरातलं. आपण मात्र ‘आय ॲम अग्री’ म्हणतो, कारण मराठीत ‘मी सहमत आहे’ असं आहे आणि त्या ‘आहे’ला कुठेतरी जागा द्यावीशी वाटते. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँड’ याच घराण्यातलं.

दुसऱ्या घराचा एक कडक कायदा आहे: काळाचं ओझं एकाच शब्दाने वाहायचं. ‘डिड’ने भूतकाळ उचलला की मुख्य क्रियापद हलकं होतं. म्हणून ‘डिडन्ट गेट’. नमुन्यातल्या शेवटच्या वाक्यात दोघांनीही ओझं उचललंय. ‘डझ ही गोज’मध्येही तेच: ‘स’ आधीच ‘डझ’कडे गेला आहे, म्हणून ‘डझ ही गो’.

याचा सराव तोंडी करा, लिहून नको. आपल्याच वहीतलं एक वाक्य घ्या आणि ते फिरवा. ‘शी वर्क्स हिअर. शी डझन्ट वर्क हिअर. डझ शी वर्क हिअर? शी वर्क्ड हिअर. शी डिडन्ट वर्क हिअर. डिड शी वर्क हिअर?’ एका वाक्याची सहा रूपं. रोज पाच वाक्यं फिरवली तर तीस वेळा जीभ वळते. कंटाळवाणं आहे, मान्य. पण तबला शिकणारा रोज कायदे घोटतो, तसंच हे आहे.

अनियमित क्रियापदांचा बाऊ करू नका. गो-वेंट-गॉन, टेक-टुक-टेकन अशी रूपं बदलणारी क्रियापदं इंग्रजीत सुमारे २०० आहेत, पण रोजच्या बोलण्यात साठ-सत्तरांवर निभावतं. तीही यादी करून पाठ करण्यापेक्षा तुमच्या वहीत जी चुकली तेवढीच आधी घ्या.

पायरी ३ : ‘पासून’ नावाचा सापळा

काळांपैकी सुरुवातीला चार-पाचच पुरतात: साधा वर्तमान, साधा भूत, चालू वर्तमान, ‘हॅव’वाला पूर्ण वर्तमान आणि ‘विल’. खरी गोची एका मराठी शब्दापाशी होते, म्हणून तिथे जरा थांबू.

मराठीत आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दोन तासांपासून’ही म्हणतो. प्रत्यय एकच. इंग्रजीत मात्र फाटा फुटतो. कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येईल असा सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’: सिन्स मंडे, सिन्स २०१९, सिन्स मॉर्निंग. किती वेळ झाला ते मोजून सांगत असाल तर ‘फॉर’: फॉर टू अवर्स, फॉर टेन इयर्स. कसोटी सोपी आहे. ‘पासून’ काढून ‘भर’ किंवा ‘झाले’ घालून बघा. ‘दोन तास झाले’ चालतं, म्हणून ‘फॉर’. ‘सोमवार झाले’ चालत नाही, म्हणून ‘सिन्स’.

सापळ्याचं दुसरं दार क्रियापदात आहे. ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ या वाक्यात मराठी चक्क साधा वर्तमानकाळ वापरते. इंग्रजीला ते चालत नाही; तिला मागून इथपर्यंत आलेला धागा दाखवायचा असतो. म्हणून ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. अजून रांगेत उभे असाल तर ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स’. पण नमुन्यातली गोष्ट कालची, संपलेली. म्हणून तिथे सरळ ‘आय वेटेड फॉर टू अवर्स’.

आणि ‘हॅव’वाल्या काळाला ‘यस्टरडे’ खपत नाही. ‘मी त्याला काल भेटलोय’ आपण बिनधास्त म्हणतो. ‘आय हॅव मेट हिम यस्टरडे’ मात्र चूक. नेमकी वेळ सांगितली की साधा भूतकाळ: ‘आय मेट हिम यस्टरडे’.

‘-इंग’चा सोसही आवरायला हवा. ‘नो, वाँट, लाईक, नीड, बिलॉन्ग’ ही क्रियापदं साधारणपणे चालू काळात जात नाहीत. मालकी सांगणारं ‘हॅव’ही नाही, म्हणून ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ नको, ‘आय हॅव टू ब्रदर्स’.

पायरी ४ : अ, ॲन, द

मराठीत उपपद नाही, त्यामुळे हा भाग सगळ्यांनाच नकोसा होतो. पण टाळताही येत नाही: ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा सुमारे दहा कोटी शब्दांचा इंग्रजी मजकुराचा संग्रह आहे, त्यात दर शंभर शब्दांमागे साधारण सहा वेळा ‘द’ येतो. म्हणजे एका परिच्छेदात तो चार-पाच वेळा चुकवायची संधी.

‘अ’ की ‘ॲन’ यासाठी आपल्या हातात एक हुकमी पान आहे, ते म्हणजे देवनागरी. शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग विसरा आणि तो उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एमबीए: स्वर, म्हणून ॲन अवर, ॲन ऑनेस्ट मॅन, ॲन एमबीए. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे: य आणि व ही व्यंजनं, म्हणून अ युनिव्हर्सिटी, अ युरोपियन, अ वन-वे रोड. इंग्रजी स्पेलिंगवर चालणारा माणूस इथे अडखळतो, आपण सुटतो.

आता ‘अ’ की ‘द’. नाम समोर आलं की ऐकणाऱ्याच्या जागी बसा आणि विचारा: ‘कोणता?’ त्याला उत्तर माहीत असेल तर ‘द’. माहीत नसेल आणि वस्तू एक असेल तर ‘अ’. मी ‘आय सॉ अ डॉग’ म्हटलं तर कुत्रा तुम्हाला नवा आहे. पुढच्याच वाक्यात तो ‘द डॉग’ होतो, कारण आता आपली ओळख झाली. सूर्य एकच, म्हणून ‘द सन’. आपण नेहमी जातो ती बँक, म्हणून ‘द बँक’. तिथे बसलेला तो क्लार्क, म्हणून ‘द क्लार्क’. मराठीतला ‘तो’ किंवा ‘ती’ मनातल्या मनात लावून बघितला तरी पुष्कळ वेळा काम होतं.

त्याआधीचा प्रश्न मात्र विसरला जातो: ही गोष्ट इंग्रजी मोजते का? ‘इन्फर्मेशन’ मोजत नाही. इथे मराठी आपल्या बाजूने आहे, कारण ‘माहित्या’ कोणीच म्हणत नाही. पण सल्ल्याचे सल्ले होतात आणि बातमीच्या बातम्या, म्हणून ‘ॲडव्हायसेस’ आणि ‘न्यूज आर’ सुचतं. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘होमवर्क’ यांना ‘स’ लागत नाही आणि ‘न्यूज’ दिसायला अनेकवचनी असूनही एकवचनी वागतो. एकच सल्ला सांगायचा तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. उलट ‘पीपल’ला ‘स’ नसूनही तो अनेकवचनी, म्हणून ‘देअर वर सो मेनी पीपल’. शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ अशी खूण असते. मोजता येणारं आणि न येणारं असा तिचा अर्थ. नाम शोधलंत की तीही बघा.

पायरी ५ : छोटे शब्द जोडीनेच उचला

‘इन’चा अर्थ ‘आत’ आणि ‘ऑन’चा ‘वर’ असं शिकून फारसं हाती लागत नाही. मराठीत आपण कोणा‘वर’ रागावतो, कोणा‘ला’ घाबरतो, कोणा‘शी’ लग्न करतो. इंग्रजीत अँग्री विथ, अफ्रेड ऑफ, मॅरीड टू. यात तर्क शोधू नका. क्रियापद किंवा विशेषण आपल्या शेपटीसकट पाठ करा: वेट फॉर, लिसन टू, डिपेंड ऑन, गुड ॲट, इंटरेस्टेड इन. काही क्रियापदांना शेपूट नसतं आणि आपण उगाच लावतो: ‘डिस्कस अबाउट’ नाही, नुसतं डिस्कस, ‘एंटर’ आणि ‘आन्सर’ही तसेच.

वेळेचं एवढं पुरे: घड्याळाला ॲट, वाराला आणि तारखेला ऑन, महिन्याला आणि वर्षाला इन. सकाळी ‘इन द मॉर्निंग’, रात्री मात्र ‘ॲट नाईट’.

पायरी ६ : एका मराठी क्रियापदाला एक पान

शब्दसंग्रह वाढवायचा म्हटलं की लोक अवघड शब्द गोळा करतात. मायकेल वेस्ट हे ढाक्यात शिकवणारे इंग्रज शिक्षक होते. त्यांनी १९५३ साली सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे २००० शब्दांची यादी छापली, आणि साध्या मजकुराचा फार मोठा भाग अशा दोनेक हजार शब्दांतच उरकतो. आपली अडचण बहुतेकदा सोप्याच शब्दांची असते: कोणता कुठे बसतो?

वहीत वरती एकच मराठी क्रियापद लिहा. ‘लावणे’ घ्या. दिवा लावणे: टर्न ऑन. दार लावणे: क्लोज. गाडी लावणे: पार्क. रोप लावणे: प्लांट. मलम लावणे: अप्लाय. गजर लावणे: सेट. फोन लावणे: कॉल. गंमत बघा, दार लावलं की बंद होतं आणि दिवा लावला की चालू. इंग्रजी शिकणारा ‘ओपन द लाईट’ म्हणतो तेव्हा आपण हसतो, पण या एका शब्दाने केवढा गुंता केलाय ते आपल्याही लक्षात आलेलं नसतं. दुसऱ्या पानावर ‘काढणे’: फोटो, चित्र, पैसे, दात, कपडे. टेक, ड्रॉ, विथड्रॉ, पुल आउट, टेक ऑफ. आठवड्याला असं एक पान भरलं तरी वर्षाला पन्नास पानं होतात.

काही जागी मराठी उलट मदतीला येते. ‘से’ आणि ‘टेल’ मधला फरक लोकांना छळतो, पण आपल्याकडे ‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ आहेतच. म्हणणे म्हणजे से, सांगणे म्हणजे टेल. क्लार्कने मला परत यायला सांगितलं, म्हणून ‘द क्लार्क टोल्ड मी टू कम बॅक’. दिसणे म्हणजे सी, बघणे म्हणजे लुक किंवा वॉच. ऐकू येणे म्हणजे हिअर, ऐकणे म्हणजे लिसन.

आणि एक शब्द मला चांगलाच महागात पडला. एका परदेशी ग्राहकाला मी मेलमध्ये लिहिलं, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर डिझाइन’. मला फक्त एक शंका विचारायची होती. त्यांना वाटलं, माझा त्यांच्या कामावर विश्वास नाही. पुढचे तीन मेल गैरसमज निस्तरण्यात गेले. ‘डाउट’मध्ये अविश्वासाची छटा असते; विचारायचं असेल तेव्हा ‘क्वेश्चन’ म्हणावं. ‘शंका’ला माझ्या वहीत तेव्हापासून पान आहे.

पायरी ७ : सांधे

वाक्यं जोडताना मराठी जोडीने शब्द वापरते: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा. इंग्रजीला एकच पुरतो. ‘ऑल्दो इट वॉज लेट, बट वी वेंट’ यातला ‘बट’ काढा. ‘च’चं भाषांतर ‘ओन्ली’ने करू नका, ‘आय ॲम हिअर ओन्ली’ ऐवजी ‘आय ॲम राइट हिअर’. प्रत्येक ‘ना?’साठी ‘इझन्ट इट?’ वापरणं सोडा. ‘यू आर कमिंग’ला ‘आरन्ट यू?’ हवं, ते पटकन सुचत नसेल तर बोलताना सरळ ‘राइट?’ म्हणा, चालतं.

प्रश्नाच्या पोटात प्रश्न असेल तर आतला प्रश्न साध्या वाक्यासारखा ठेवायचा: ‘कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?’ आणि ‘डिडन्ट यू सी इट?’ असं कोणी विचारलं तर प्रश्नातल्या ‘नाही’कडे दुर्लक्ष करा. पाहिलं नसेल तर ‘नो’, पाहिलं असेल तर ‘येस’. आपलं ‘हो, नाही पाहिलं’ तिथे गोंधळ घालतं.

पायरी ८ : रोजचा अर्धा तास

पहिली दहा मिनिटं वहीत पाच-सहा ओळी लिहा आणि कालच्या ओळी तपासा. दुसरी दहा मिनिटं वाक्यं मोठ्याने फिरवा. चूक तपासायला मोबाईलवरचं साधन वापरायला हरकत नाही, पण आधी स्वतः रेघ मारा, मग त्याला विचारा. ते आयती दुरुस्ती देतं आणि तुम्ही ती नुसती पसंत करता, त्यात शिकणं होत नाही.

वारंवार होणाऱ्या चुकांची कार्डं करा. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे बरोबर इंग्रजी. ती खोक्यांत ठेवायची पद्धत जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडली. घरच्या सरावाला तीन खोकी पुरतात: पहिलं रोज, दुसरं तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने बघायचं. उत्तर बरोबर आलं तर कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं तर थेट पहिल्यात.

शेवटची दहा मिनिटं उलटसुलट भाषांतराला द्या. ही पद्धत फार जुनी. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे शिक्षक रॉजर ॲस्कम लॅटिनसाठी या पद्धतीचा आग्रह धरत, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १५७० साली छापलेल्या पुस्तकात तिचं वर्णन आहे. एखाद्या चांगल्या इंग्रजी मजकुरातली तीन-चार वाक्यं घ्या, त्यांचं मराठी करा आणि मूळ झाकून ठेवा. दोन दिवसांनी आपल्या मराठीवरून परत इंग्रजी करा, मग मूळ उघडा.

एकच वाक्य करून दाखवतो. मूळ: ‘द लिफ्ट वॉज आउट ऑफ ऑर्डर, सो वी टुक द स्टेअर्स.’ मराठी: ‘लिफ्ट बंद होती म्हणून आम्ही जिन्याने गेलो.’ दोन दिवसांनी परत इंग्रजी: ‘लिफ्ट वॉज क्लोज्ड, सो वी वेंट बाय स्टेअर्स.’ आता दोन्ही शेजारी ठेवा. ‘द’ दोनदा गळाला, तो चौथ्या पायरीत जाईल. ‘टुक द स्टेअर्स’ अख्खं उचलून कार्डावर. आणि ‘बंद’ला वहीत पान द्यावं लागणार: दार बंद, क्लोज्ड, दिवा बंद, ऑफ, लिफ्ट बंद, आउट ऑफ ऑर्डर.